साहेबांच्या मागचा सूर्य

"गाव बदललं म्हणून सूर्य काही बदलत नाही, कौमुदी. सतरंजी गुंडाळायची, काखेत मारायची अन् जिथं उजाडेल तिथं अंथरायची. पाण्याचा घोटसुद्धा त्याच्यानंतर."

अंजनाबाईंचा हा आवाज कौमुदीच्या कानात असा काही मुक्कामाला आला होता, की कुकरची शिट्टी ऐकू आली नाही तरी तो ऐकू यायचा. अंजनाबाई गोंदियाच्या देवळामागच्या खोलीत बायकांना योगासनं शिकवत. आषाढी एकादशीला त्यांच्यासमोर सगळ्याजणींनी चातुर्मासाचे नेम धरले. कुणी वांगं सोडलं, कुणी रोज देवापुढं नवी रांगोळी काढायचं ठरवलं, एकीनं तर नवऱ्याशी भांडण सोडलं. तो नेम श्रावण लागायच्या आत मोडला. कौमुदीनं धरला सूर्यनमस्कारांचा. उगवत्या सूर्यासमोर, बारा नावं घेऊन, कार्तिकी एकादशीपर्यंत रोज.

कौमुदीचा आवाज मुळातच मऊ. भाजीवाल्याला ती कोथिंबीर मागायची तेव्हा त्याला वाटायचं, बाई स्तोत्र म्हणताहेत. पण मऊ आवाजाच्या बाईचा नकार म्हणजे कापसात गुंडाळलेला वरवंटा असतो, हे तिचा नवरा नरहरी याला संसाराच्या सुरुवातीलाच कळून चुकलं होतं. त्यामुळं नवरात्रात रायपूरहून फोन आला, की त्याची बहीण पूर्णिमा देवीच्या दर्शनाला जाताना पायरीवरून घसरली, पाय प्लास्टरमध्ये आहे आणि वहिनीला पाठव, तेव्हा त्यानं जपूनच विषय काढला.

"तू जाय. तिचं कोणी नाही करायले. पण तुझा नेम? तो इथंच ठेऊन जाय. मी पाहीन त्याच्याकडे."

"तो काय तुळस आहे पाणी घालायला?" कौमुदी म्हणाली, आणि सतरंजी बॅगेत सगळ्यात वर ठेवली.

गाडी पहाटेची होती. डोंगरगडला उजाडायला लागलं. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी छातीठोक सांगितलं, की देवीच्या मेळ्यामुळं गाडी इथं भरपूर थांबते, बाई, खुशाल उतरा. असा एकेक गृहस्थ प्रत्येक डब्यात रेल्वेच बसवत असावी. कौमुदी उतरली, फलाटाच्या टोकाला सतरंजी अंथरली, पदर खोचला आणि सुरुवात केली. आता त्या भागात नवरात्रात नवस बोललेली माणसं देवीच्या दारापर्यंत जमिनीवर आडवी होत, दंडवत घालत जातात. तेव्हा लोकांनी तिला नवसाची बाई समजून आदरानं वाट करून दिली. एका आजीनं तिच्या पाठीवर झेंडूची फुलं वाहिली. दुसरीनं खोबऱ्याचा तुकडा तोंडाशी धरला आणि कौमुदीनं मान हलवून नको म्हटल्यावर "निर्जला हे, निर्जला!" असं कौतुकानं सगळ्यांना सांगितलं. तेवढ्यात गाडीनं शिट्टी दिली.

भरपूर थांबणारी गाडी ती. कौमुदी सतरंजी छातीशी धरून धावली, दोघांनी तिला हाताला धरून आत ओढलं, आणि उरलेली नावं तिनं दोन बाकांच्या मधल्या जागेत, त्याच छातीठोक गृहस्थांच्या चपलांना कपाळ टेकवत पुरी केली. गृहस्थ संकोचून म्हणाले, "अरे अरे, एवढं नका करू." नेम मोडला नव्हता. प्रतिष्ठेचं काय झालं, ते तिनं सूर्यावर सोपवलं.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं आणि ती गोष्ट त्याला स्वतःलाही अजून खरी वाटत नव्हती. कालपर्यंत जिथं लग्नं लागत तिथं संचालनालय बसलं होतं, जिथं पेशंट झोपत तिथं फायली झोपल्या होत्या, आणि पिठाच्या एका गिरणीवरच्या माडीत म्हणे आख्खा आयोग होता. येणारे-जाणारे साहेब अंगावर पीठ घेऊन उतरत. रिकामी जागा दिसली, की सरकार तिथं टेबल टाकत होतं. अशा गावात सतरंजीएवढी जागा शोधायची होती, आणि तीही पूर्वेकडे तोंड असलेली.

मोहल्ल्याला तिकडं पारा म्हणत. पूर्णिमाचं घर तात्यापाऱ्यात, दोन खोल्यांचं, भाड्याचं. एका खोलीत पूर्णिमाचा पलंग आणि पलंगावर तिचा पाय, जो घरात एकट्यानं एका माणसाची जागा घेत होता. दुसरीत तिचा नवरा सुशील, कॉलेजात जाणारी मुलगी सोनिया, शिलाई मशीन आणि कपाट. पहिल्या दिवशी कौमुदीनं तिथंच प्रयत्न केला. पुढं वाकलं की कपाळ कपाटाला, मागं पाय नेला की टाच मशीनच्या चाकाला. मशीन आपोआप चालू लागलं आणि सोनियाच्या ओढणीला कुणी न सांगता एक टीप पडली.

"मामी, प्लीज, छत पे कर लो ना," सोनिया झोपेतच म्हणाली. पोट्टीला मराठी सगळं कळे, पण उत्तर हिंदीतच येई.

म्हणून कौमुदी गच्चीवर गेली, अंजनाबाईंच्या वर्गासाठी शिवलेली गुलाबी सलवार घालून. ती पाहून पूर्णिमा पलंगावर उठून बसायचा प्रयत्न करू लागली.

"वहिनी! तुम्ही, अन् सलवार?"

"नेमापुरती."

"दादाले माहीत हाय?"

"त्यांनीच नाडी आणून दिली."

गच्चीवर राज्य होतं घरमालकीण इंदूकाकूंचं. तिथं त्यांच्या वड्या वाळत. कोहळ्याच्या, मुगाच्या, उडदाच्या, जातवार आणि ओळीनं. इंदूकाकू कठड्याला टेकून कौमुदीचे नमस्कार पाहत उभ्या राहिल्या आणि श्वास सोडायच्या जागी त्यांनी सल्ला सोडला.

"मी म्हणते, काहून एवढी उठबस करून राहिल्या? आमच्या सासूबाई नुसत्या डोळे मिटून सूर्याले पाणी देत. पंच्याण्णव वर्सं जगल्या. वाकल्या म्हणून नाही कधी. कोणासमोरच नाही."

याच वेळी कौमुदीचा मागे गेलेला पाय मुगाच्या वड्यांत गेला. दुसऱ्या दिवसापासून वड्यांभोवती विटांची तटबंदी उभी राहिली, आणि कौमुदीच्या वाट्याला गच्चीचा जो पट्टा आला, त्याच्यासमोर, गल्लीच्या पलीकडे, पूर्वेला बरोबर मध्ये होता शालिग्राम साहेबांचा बंगला.

बंगला म्हणजे जुनंच घर. पण त्याला चुना लागला होता, फाटकाला पाटी लागली होती आणि फाटकाशी दयाराम नावाचा शिपाई उभा लागला होता, म्हणून बंगला. शालिग्राम साहेब नवं राज्य झाल्यावर भोपाळहून आलेले. सुशीलच्या खात्याचे ते सर्वात वरचे. रोज सकाळी ते व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून चहा पीत आणि पेपर वाचत. आणि नेमका त्याच वेळी, त्यांच्याच छपराच्या मागून, सूर्यनारायण वर येई.

कौमुदीला साहेब दिसतच नव्हते. तिची नजर छपराच्या कडेला लागलेली. साहेबांना मात्र दिसत होतं ते एवढंच, की समोरच्या गच्चीवर गुलाबी सलवारीतली एक प्रौढ बाई येते, आपल्याकडे पाहून हात जोडते, ओठ हलवते आणि साष्टांग खाली जाते. पुन्हा उठते. पुन्हा हात जोडते. पुन्हा खाली.

पहिल्या दिवशी त्यांनी पेपर वर धरला. दुसऱ्या दिवशी खुर्ची खांबाआड नेली. तिसऱ्या दिवशी बांबूची चीक आडपडद्याला लावून घेतली आणि चौथ्या दिवशी दयारामला गच्चीवर पाठवलं.

"दीदी, साहब पूछत हे, का तकलीफ हे?" दयारामनं विटांच्या तटबंदीपलीकडून विचारलं.

कौमुदी नावं घेत होती. नावाच्या मध्ये बोलायचं नाही असा दंडक. तिनं बोट वर करून त्याला थांबवलं, नमस्कार पुरा केला आणि आपल्या गोंदियाच्या हिंदीत, अत्यंत नम्रपणे म्हणाली, "भैया, साहब से मेरा कुछ काम नहीं है. उनको बोलो, थोडा बाजू में बैठेंगे तो अच्छा रहेगा."

हा निरोप गल्ली ओलांडून व्हरांड्यात पोचेपर्यंत त्याचं काय झालं, देव जाणे. संध्याकाळी सुशील ऑफिसातून आला तो दारातच खाली बसला.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही साहेबाले खुर्ची सोडायले सांगितलं?"

इथं सुशीलची अडचण सांगायला हवी. नव्या राज्यात दूरच्या जिल्ह्यांत बाबू कमी पडत होते आणि खात्यानं रायपूरचे बाबू तिकडं पाठवायला काढले होते. सुशीलचं नाव बस्तरच्या यादीत आलं होतं. दिवाळी झाली की निघायचं. इकडं बायकोचा पाय पलंगावर, पोरगी कॉलेजात. घरात कुणी तो विषय काढत नसे, पण पूर्णिमा रात्री कूस बदलू शकत नसल्यामुळं एकाच कुशीवर रडायची, हे कौमुदीला माहीत होतं.

तात्यापाऱ्यालाही माहीत होतं. आणि राजधानीत तेव्हा ज्याला-त्याला एकच ध्यास होता, कुणाची बदली कुठं. त्यामुळं पाऱ्यानं दोन आणि दोन जोडून चांगले पाच केले. इंदूकाकू बातमी घेऊन आल्या.

"पूर्णिमा, लोक काय म्हणून राहिले माहीत हाय? तुह्या नवऱ्याची बदली थांबवायले तू गोंदियावरून खास वहिनी बोलावली. नवसाची. उपाशीपोटी साहेबाले दंडवत घालते म्हणतात. डोंगरगडलेही घातले म्हणे, आमच्या भाचीनं डोळ्यांनी पाह्यलं."

कौमुदी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. तिनं आयुष्यात देवाखेरीज आणि वडीलधाऱ्यांखेरीज कुणापुढं डोकं टेकवलं नव्हतं. नरहरीच्या मोठ्या साहेबांच्या घरी हळदीकुंकवाला गेली तेव्हासुद्धा साहेबिणीला तिनं सरळ उभं राहून कुंकू लावलं होतं. आणि आता गाव म्हणतं, ही बाई एका सरकारी खुर्चीला लोटांगण घालते!

"जावईबापू," ती सुशीलला शांतपणे म्हणाली, "मी सूर्याला नमस्कार करते."

"मले समजते हो, वहिनी. पण साहेबाले कोण समजावील? तिकडे ऑफिसात सगळे म्हणून राहिले, सुशीलबाबूनं घरच्या बाईले सत्याग्रहाले बसवलं. साहेब चिडले तर बस्तरच्याही पुढे पाठवतील. तुम्ही थोडं डावीकडे तोंड केलं तर?"

"डावीकडे उत्तर आहे."

"मंग पश्चिमेकडे?"

"पश्चिमेला तो संध्याकाळी जातो. आणि मी त्याला निरोप द्यायला नेम धरलेला नाही."

"मामी, मन में कर लो," सोनियानं सुचवलं. "या सिर्फ खड़े वाले कर लो. लेटना स्किप."

"चार दिवस सुट्टी घ्या नेमाले," इंदूकाकू म्हणाल्या. "देवाले काय, तो मागून भरून घेतो."

कौमुदीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. सगळ्यांना गरम पोळी वाढली. मग म्हणाली, "सूर्य साहेबांच्या मागून उगवतो, यात सूर्याची चूक नाही अन् माझीही नाही. ज्याला खटकतं त्यानं घर बदलावं." आणि तव्याखालचा गॅस बंद केला. पूर्णिमा पलंगावरून दादाला फोन लाव म्हणाली. लावला. नरहरीनं सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "पोळ्या वाढून झाल्यावर बोलली का? मंग आता काही उपाय नाही."

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर गेली ती रोजच्यापेक्षा ताठ. नावंसुद्धा जरा मोठ्यानं घेतली, म्हणजे चिमणीला ऐकू जातील इतक्या मोठ्यानं.

आणि इथून प्रकरणानं वेगळंच वळण घेतलं. चीक वर गेली. खांबाआडची खुर्ची पुन्हा मध्ये आली. साहेबांनी सकाळच्या लुंगीच्या जागी परीटघडीचा कुर्ता-पायजमा घालायला सुरुवात केली. कौमुदी हात जोडायची तेव्हा ते पेपर बाजूला ठेवून, किंचित मान झुकवून, एक हात वर करायचे. शंका आणि खुशामत यांत माणूस फार दिवस मध्ये लटकत नाही. तो आपल्या सोयीच्या बाजूला उतरतो.

पाऱ्यानं हे पाहिलं. आणि एका सकाळी कौमुदी गच्चीवर पोचली तर तिथं तीन बायका आणि एक पुरुष आधीच चादरी अंथरून बसलेले. एकीचा मुलगा सरगुज्याला टाकला होता, एकीच्या नवऱ्याला कोरब्याहून आणायचं होतं, तिसरी नुसतीच सोबतीला आली होती. पुरुष म्हणजे शेजारच्या शाळेतले मास्तर, त्यांना कुठंही जायचं नव्हतं आणि तेवढ्यासाठीच ते आले होते. कौमुदीनं हात जोडल्याबरोबर चौघं धाडकन बंगल्याकडे तोंड करून पालथी पडली आणि पडूनच राहिली.

"अहो, उठा! हे काय?"

"दीदी, आप के साहब मान गए, हमरो बर बोल देव ना," सरगुज्याची आई चादरीतूनच म्हणाली. म्हणजे आमच्यासाठीही शब्द टाका.

आलेल्या माणसाला हाकलणं कौमुदीच्या रीतीत बसणारं नव्हतं आणि त्यांना तसंच पडू देणं अंजनाबाईंच्या. तेव्हा तिनं तिसरा मार्ग काढला. "पडायचंच आहे ना? मग नीट पडा," ती म्हणाली. "आधी श्वास घ्या. पाय मागे. गुडघे टेकवा. पोट नाही टेकवायचं, मास्तर, पोट वर. आणि तिकडं खाली नाही पाहायचं, तिकडं वर. तो लाल दिसतोय, त्याच्याकडे." त्यांनी वर पाहिलं, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून खालीही पाहत राहिले. मास्तरांच्या कमरेत उसण भरली. बदलीसाठी एवढं सोसावंच लागतं, अशा चेहऱ्यानं ते जिना उतरले. वड्यांच्या तटबंदीच्या विटा वाढल्या, आणि एका विटेवर इंदूकाकू स्वतः बसू लागल्या. त्यांची कुणाची बदली नव्हती, पण मुलगा बीरगावच्या कारखान्यात होता आणि साहेबांची ओळख वाया का घालवा?

मग दिवाळीच्या तोंडावर सुशील पेढ्यांचा पुडा घेऊन धावत आला. बदली रद्द!

पूर्णिमा हसता हसता रडली, आणि या वेळी उताणी राहून. सोनिया नाचली. सुशीलनं पहिला पेढा देवापुढं ठेवला आणि दुसरा घेऊन कौमुदीच्या पाया पडायला वाकला. जावई पाया पडतो म्हटल्यावर ती दोन पावलं मागे सरली.

"वहिनी, तुमचीच कृपा. साहेबांनी मले बोलावून सांगितलं, घर जाओ, अपनी भाभी को बोलो, हो गया. आता एकच विनंती. थांबू नका. बढतीची फाईलही त्यांच्याच टेबलावर हाय."

कौमुदीनं पेढा खाली ठेवला. आत्तापर्यंत गाव बोललं, तिनं ऐकलं नव्हतं. साहेबांनी हात वर केला, तिनं पाहिला नव्हता. पण आता नमस्कारांची पोच आली होती, शिक्क्यासकट. तिनं अर्घ्य दिलं सूर्याला आणि भांडं भरलं शालिग्राम साहेबांचं! आषाढापासून जमवलेलं सगळं पुण्य कुणाच्या खात्यात गेलं? आणि उद्या गच्चीवर उभं राहायचं, ते कोणत्या तोंडानं? नमस्कार घातला तर तो साहेबांना, नाही घातला तर नेम मोडला.

"मी उद्या त्यांना खरं सांगून येते," ती म्हणाली.

सुशीलनं पेढ्यांचा पुडा मिटला.

"वहिनी," पूर्णिमा हळूच म्हणाली, "खरं सांगसान तर हे बस्तरले जातील. मी अशी पडलेली. मले उठून पाणी घेता येत नाही. तुम्ही किती दिवस राहासान? तुम्हालेही घर हाय."

कौमुदी पूर्णिमाच्या उशाशी बसली आणि तिच्या केसांना तेल लावू लागली. मग वेणी घालून दिली.

"तुझ्या पायासाठी मी साहेबांना हात जोडून मागेन," शेवटी कौमुदी म्हणाली. "तोंडानं. उभी राहून. त्यात कमीपणा नाही. पण सूर्याच्या नावानं घातलेला नमस्कार त्यांच्या नावावर नाही राहू देणार, पूर्णिमा. मग मी काय सांभाळलं?"

सकाळी नमस्कार झाल्यावर तिनं सलवार बदलली, इरकली लुगडं नेसली आणि गल्ली ओलांडली. गच्चीवरची मंडळी चादरी झटकायची थांबली. दयारामनं फाटक असं उघडलं, जणू ती राज्यपाल होती.

साहेब व्हरांड्यात होते. उठून उभे राहिले. "आइए, आइए. काम तो हो गया ना आपका?"

"माझं काहीच काम नव्हतं, साहेब," कौमुदी मराठीत म्हणाली. मग सावरून हिंदीवर आली. "मैं आप को नमस्कार नहीं करती थी. सूरज को करती हूँ. वो आप के पीछे से निकलता है. इस में आप की गलती नहीं है."

साहेबांना ते समजायला वेळ लागला. पायऱ्या उतरून ते अंगणात आले, मागे वळले आणि आपल्याच घराच्या छपराकडे पाहू लागले. तिथं सूर्य परवानगी न घेता उभा होता. चांगला वर आलेला, अगदी निवांत. साहेबांनी पुन्हा कौमुदीच्या गच्चीकडे पाहिलं, पुन्हा छपराकडे. मग स्वतःच्या परीटघडीच्या कुर्त्याकडे.

"मतलब," ते म्हणाले, "एक दिन भी मुझे नहीं?"

एवढा मोठा माणूस, पण आवाज असा आला, की कौमुदीला त्याला खोटं सांगावंसं वाटलं. तिनं नाही सांगितलं. मान हलवली.

"तो फिर वो ट्रान्सफर..."

"ती माझ्या नमस्कारासाठी रद्द नका करू," ती हात जोडून, सरळ उभी राहून म्हणाली. "मेरी ननंद का पैर टूटा है, समोर है, खुद देख लो. उस के लिए कुछ करना है तो करो. नहीं करना तो नहीं. पर नमस्कार वापस कर दो मेरे."

साहेबांनी नोकरीत लोकांना पुष्कळ काही परत मागताना पाहिलं होतं, पण अशी मागणी त्यांच्यापुढं पहिल्यांदाच आली होती. सरकारी माणसाला खरं कळलं की तो आधी नियमाकडे जातो, कारण तिथं सावली असते. "देखिए, बिना कारण रद्द करना तो गलत हुआ," ते म्हणाले. "प्लास्टर खुलने तक रोक देता हूँ. उसके बाद जो सब का होगा, उनका भी होगा."

आता कौमुदी वळणार, तेवढ्यात आतल्या खिडकीतून एक म्हातारा, चिरका आवाज आला.

"कोन आय रे? ओ बेटी आय का, जेन रोज बिहनिया मोर पांव परथे?"

साहेबांचा चेहरा पडला. "अम्मा हैं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "गाँव से लाया हूँ. चल नहीं पातीं. खिड़की पे बैठी रहती हैं. यहाँ जो आता है, मुझ से मिलने आता है. उनको लगता है, आप रोज उनके पाँव पड़ती हैं. मैं तो... सच बोलूँ, तबादला भी उन्होंने ही रुकवाया. बोलीं, जो मेरे पाँव पड़ती है उसका घर तू उजाड़ेगा?" ते थांबले. "आप जो मुझ से बोलीं, वो उनसे भी बोलेंगी क्या?"

कौमुदी आत गेली. खिडकीशी बाजेवर मूठभर म्हातारी बसली होती, हातात गोंदण, डोळ्यांवर पांढुरकी झाक. खिडकीतून गच्ची सरळ दिसत होती; गुलाबी सलवार त्या डोळ्यांनाही कळत असावी. इतक्या दिवसांत कौमुदीनं हिच्याकडेही पाहिलं नव्हतं.

"मैं इहाँ ले रोज असीस देवत रेहेंव," म्हातारी म्हणाली. "मिलिस का तोला?"

रोज इथून आशीर्वाद देत होते, पोचला का? कौमुदी काय सांगणार? खोटं ती बोलत नव्हती आणि आजपासून बोलणार नव्हती. म्हणून तिनं ते खरं करून टाकलं. इरकली लुगड्यानिशी खाली बसली, हात पुढं केले आणि फरशीवर पूर्ण आडवी झाली, कपाळ म्हातारीच्या पायांना लावून. श्वास कुठं घ्यायचा, कुठं सोडायचा, काही लक्षात राहिलं नाही.

"मिळाला, अम्मा," ती उठताना म्हणाली.

म्हातारीनं तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "काली आबे ना? अब दुरिहा ले झन पर. लकठा म आ."

उद्या ये, आता लांबून नको, जवळ ये. "येईन," कौमुदीनं शब्द दिला. "गोंदियाला जाईपर्यंत रोज येईन."

घरी काय झालं ते सांगण्यासारखं नाही. सुशील कपाळाला हात लावून म्हणाला, "वहिनी, रद्द झालेली बदली तुम्ही स्थगित करून आणली!" आणि पेढ्यांचा पुडा फडताळात वर ठेवून दिला. पूर्णिमानं हिशेब लावला, प्लास्टर निघेपर्यंत म्हणजे निदान चालता तरी येईल. तिनं वहिनीचा हात धरला, पण नवरा बघत नसताना. इंदूकाकू म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, खालच्या सुरात बोलणाऱ्या बायका डेंजर असतात." गच्चीवर मात्र मंडळी कमी झाली नाही. पाऱ्यानं असा अर्थ लावला, की दंडवत कमी पडले.

दुसऱ्या दिवशी सूर्य वेळेवर आला. कौमुदीनं बारा नावं घेतली, चादरीवाल्यांना पोट वर धरायला लावलं. समोरच्या व्हरांड्यातली खुर्ची आज रिकामी होती. साहेब त्यांच्या अंगणात उभे राहून छपराकडे पाहत होते, लुंगीवर. तिनं पाणी प्यायलं, सतरंजी गुंडाळली आणि जिना उतरली.

"कुठं चालल्या?" इंदूकाकूंनी वरून हटकलं. "पुन्हा साहेबाकडे? पाहा माय, मी म्हणत नव्हती? चुकली म्हणून आता घरी जाऊन पाया पडते!"

कठड्यावर मास्तर आले, सरगुज्याची आई आली. खाली दारात सुशील आला आणि त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा आशा उगवली. कौमुदी थांबली. म्हातारीबद्दल तिनं घरीही सांगितलं नव्हतं; चार शब्दांत सगळ्यांचा गैरसमज दूर झाला असता. तिनं वर पाहिलं, सगळ्यांना ऐकू येईल असं काही बोलावं म्हणून तोंडही उघडलं. मग तिला वाटलं, म्हातारी खिडकीशी केव्हाची बसली असेल.

तिनं ओढणी सारखी केली आणि, सगळा पारा बघत असताना, काही न बोलता गल्ली ओलांडायला लागली.